मांजरीच्या पिशवीचं दुखणं

पशुवैद्यकाची जुनी पुस्तकं चाळली तर गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, बहुतेक ठिकाणी कुत्रीच्या प्रकरणात भेटतो. मांजरीच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, आणि त्याचा सूर 'मांजरीत हे क्वचित' असाच असतो. यामागचा तर्क वरवर बिनतोड होता. कुत्रीला दर माजानंतर बीज सुटतंच. मांजरीचं तसं नाही; बोक्याशी संग झाल्याशिवाय तिचं बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि प्रोजेस्टेरॉनशिवाय पिशवीत पू साचत नाही. थोडक्यात, फ्लॅटमध्ये दार लावून वाढवलेली, बोका कधी न पाहिलेली मांजर सुरक्षित. हा तर्क निम्मा खरा आहे. मांजरीच्या गर्भाशयाच्या आजारांबद्दलचे बरेचसे घोळ उरलेल्या निम्म्यातून निघाले आहेत.

आधी अवयव कसा आहे ते पाहू. मांजरीचं गर्भाशय म्हणजे मुखाजवळचं एक आखूड धड आणि तिथून दोन बाजूंना फुटलेल्या दोन लांब नळ्या. या नळ्यांना शिंगं म्हणतात. पिल्लं वाढतात ती या शिंगांमध्ये, ओळीनं. निरोगी, न व्यालेल्या मांजरीचं शिंग तीन-चार मिलिमीटर जाडीचं असतं, इतकं बारीक की नवशिक्या हाताला ते शस्त्रक्रियेत चटकन सापडतही नाही. तेच शिंग पुवानं भरलं की अंगठ्याएवढं होतं, कधी त्याहून जाड, आणि ठिकठिकाणी गाठी मारल्यासारखं फुगतं. दोन्ही शिंगांच्या टोकांना बीजांडकोश. आपल्याकडे बोलताना 'पिशवी काढली' असं सरसकट म्हणतात, पण या सगळ्या दुखण्याची सूत्रं हलतात ती टोकाच्या या दोन दाण्यांमधून.

मांजर साधारण सहाव्या ते नवव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येते. वजन सव्वादोन-अडीच किलोच्या घरात गेलेलं असतं. काही जणी चौथ्या महिन्यातच तयार होतात आणि घरच्यांची झोप उडवतात. रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग वर उचलून शेपूट एका बाजूला करणं, हे ज्यानं एकदा पाहिलं त्याला पुन्हा ओळखायला डॉक्टर लागत नाही. माज आठवडाभर टिकतो. बोका भेटला नाही तर ओसरतो आणि एक-दोन आठवड्यांनी परत सुरू होतो. हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. दिवस मोठा झाला की माज सुरू, लहान झाला की बंद. उत्तर युरोपात उघड्यावर राहणाऱ्या मांजरींना म्हणूनच हिवाळ्यात विश्रांती मिळते. महाराष्ट्र मात्र विषुववृत्तापासून फार दूर नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा, आणि त्यावर घरातले दिवे रात्री अकरा-बारापर्यंत. त्या मांजरीच्या मेंदूला हिवाळा आल्याची वार्ता पोहोचणार कशी? शहरातल्या बंद घरातली मांजर वर्षभर माजावर येऊ शकते, आणि प्रत्येक माजात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची एक लाट तिच्या गर्भाशयावरून जाते.

इस्ट्रोजेनच्या या लाटा एकट्या फारसं नुकसान करत नाहीत. पण गर्भाशयाचं अस्तर त्या तयार करून ठेवतात आणि प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देण्याची त्याची क्षमता वाढवतात. पुढचा भाग बोक्यापासून सुरू होतो. त्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. संगाच्या वेळी ते योनीमार्गाला घासतात, तो संदेश मेंदूकडे जातो, मेंदू संप्रेरक सोडतो आणि साधारण एक ते दोन दिवसांत बीजं सुटतात. बीज सुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतं आणि प्रोजेस्टेरॉनचं राज्य सुरू होतं. गर्भ राहिला तर ६३ ते ६५ दिवसांनी पिल्लं. राहिला नाही तरी पीतपिंड लगेच विरत नाही. सुमारे चाळीस दिवस ते काम करत राहतं. या काळात मांजर गाभण नसते, पण तिच्या गर्भाशयाला ते कळलेलं नसतं.

आता तर्काचा उरलेला निम्मा भाग. १९९०च्या दशकात संशोधकांनी एकेकट्या ठेवलेल्या, बोक्याचा स्पर्शही न झालेल्या मांजरींच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजायला सुरुवात केली, आणि त्यांतल्या काहींमध्ये ते चढलेलं आढळलं. म्हणजे संगाशिवाय बीज सुटलं होतं. हे प्रमाण सगळीकडे सारखं निघालं नाही. मांजरी कुठे ठेवल्या, आसपास बोके होते का, वय काय, यांवर ते बदलत गेलं. पण 'संग नाही तर बीज नाही' हा नियम मोडीत निघाला. कधीच बाहेर न गेलेल्या, कुमारी मांजरीला पायोमेट्रा कसा झाला हे कोडं त्यानंतर कोडं राहिलं नाही. नसबंदी झालेल्या किंवा म्हाताऱ्या, वांझ बोक्याशी संग होऊन गर्भ न राहणं हा दुसरा रस्ता. तिसरा रस्ता औषधांचा, आणि त्यात दोष सगळा माणसाचा. त्याकडे पुढे येतोच.

प्रोजेस्टेरॉनचं मूळ काम गर्भासाठी घर तयार करण्याचं. ते अस्तर जाड करतं, अस्तरातल्या ग्रंथींना स्राव करायला लावतं, गर्भाशयाच्या स्नायूंचं आकुंचन थांबवतं, तोंड घट्ट मिटवतं आणि तिथली प्रतिकारशक्ती थोडी सैल करतं, म्हणजे अर्धा परका असलेला गर्भ शरीर बाहेर फेकणार नाही. गर्भासाठी ही सोय उत्तम, पण तीच सोय जंतूंनाही तितकीच मानवते. माजाच्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं आणि योनीमार्गातले जंतू वर चढतात. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो, मांजरीच्या स्वतःच्या आतड्यातला. निरोगी गर्भाशय त्याला सहज हुसकावून लावतं. पण माजामागून लगेच प्रोजेस्टेरॉन आलं तर दार बंद होतं, आत पोषक स्राव साचतो, स्नायू स्वस्थ पडतात आणि पांढऱ्या पेशी कमी पडतात. हे पुन्हा पुन्हा घडलं तर अस्तरात पाण्याच्या पुटकुळ्यांसारख्या गाठी होतात. अशा गाठाळ अस्तरापासून पुवापर्यंतची ही साखळी सी. डाउ यांनी १९६२ मध्ये मांजरीत तपशिलानं मांडली, आणि आजही या विषयावरचं कोणतंही लिखाण त्यांच्या वर्गीकरणापाशी एकदा तरी थांबतं. पुढे इतकीच दुरुस्ती झाली की गाठाळ अस्तर आणि पू हे नेहमी एकामागून एक येतातच असं नाही. तरुण मांजरीत गाठींशिवायही पू होतो.

म्हणूनच 'कुठेतरी घाणीत बसली असेल, इन्फेक्शन झालं' हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. जंतू निमित्त आहेत. त्यांना आत राहू देणारी जमीन संप्रेरकांनी तयार केलेली असते. नुसत्या अँटिबायोटिकनं हा आजार का हटत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. आठवडाभर गोळ्या दिल्या की ताप उतरतो, मांजर चार घास खाते, घरच्यांना हायसं वाटतं. गोळ्या थांबतात, आणि जमीन तशीच असल्यानं पू पुन्हा भरतो.

मग हा आजार किती मांजरींना होतो? सर्वांत भरवशाचे आकडे स्वीडनचे आहेत, कारण तिथे पाळीव जनावरांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आणि सर्रास. राग्नव्ही हागमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विम्याच्या नोंदींवरून हिशेब मांडला. दर दहा हजार मांजरींमागे वर्षाला १७ जणींना पायोमेट्रा. तेराव्या वर्षापर्यंत २.२ टक्के मांजरींना तो होऊन गेलेला. त्यांतल्या ५.७ टक्के मांजरी दगावल्या. जातीनुसार फरक थक्क करणारा होता: अंगावर केस नसलेल्या स्फिंक्स जातीत हाच आकडा दहा हजारी ४३३ होता, आणि सायबेरियन, ओसिकॅट, कोराट, सयामी या जातीही सरासरीच्या कितीतरी वर. सातव्या वर्षानंतर धोका ठळकपणे वाढत होता, पण पहिल्या एक-दोन वर्षांतल्या मांजरीही यादीत होत्या.

हे आकडे वाचताना दोन गोष्टींचं भान हवं. विमा उतरवलेल्यांमध्ये आधीच पिशवी काढलेल्या मांजरीही असतातच, तेव्हा न काढलेल्या मांजरींतलं खरं प्रमाण २.२ टक्क्यांहून जास्त असणार. दुसरं म्हणजे, स्वीडनमधल्याच विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या जुन्या अभ्यासात दहाव्या वर्षापर्यंत जवळपास चौथा हिस्सा कुत्रींना पायोमेट्रा झालेला दिसला होता. त्या मानानं मांजर खरंच सुखी आहे. 'ऑपरेशन केलं नाही तर पिशवीत पू होणारच' असं सांगून मालकाला घाबरवणं मला पटत नाही. आकडे ते सांगत नाहीत. शस्त्रक्रियेच्या बाजूनं याहून भक्कम कारणं आहेत, ती खोटी भीती न घालताही सांगता येतात.

धोका कमी असला तरी ज्या मांजरीला तो गाठतो तिचा आजार ओळखणं कठीण, आणि याला मांजरीचा स्वभाव जबाबदार आहे. कुत्री आजारी पडली की घटाघटा पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, मालकाच्या लक्षात येतं. मांजरीत हे लक्षण बऱ्याचदा नसतंच. योनीतून येणारा पिवळट, तपकिरी, कधी रक्तमिश्रित स्राव ती स्वतःच चाटून साफ करते. उरतं काय? खाणं कमी, कोपऱ्यात बसून राहणं, अंग चाटणं सोडल्यानं विस्कटलेली लव, आणि थोडं मोठं झालेलं पोट. शेवटचं लक्षण तर दिशाभूल करायला टपलेलंच असतं. महिन्यापूर्वी मांजर एक रात्र गच्चीवर गेली होती, आता पोट वाढतंय, म्हणजे गाभण. घरातली मोठी माणसं तिला दूध-भात वाढतात आणि वाट बघतात. गाभण मांजरीची भूक वाढते, पायोमेट्राच्या मांजरीची मरते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर स्राव तरी दिसतो. मिटलेलं असेल तर पू आतच साचत जातो, विषं रक्तात उतरतात, आणि ताणलेली भिंत कधी फुटलीच तर पू पोटात पसरतो. तेव्हा ताप असेलच असंही नाही; खालावलेल्या मांजरीचं अंग उलट थंडगार लागतं. निदानाला सोनोग्राफी उत्तम. पुवानं भरलेली शिंगं पडद्यावर स्पष्ट दिसतात, आणि गर्भ असतील तर त्यांच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या बहुधा चढलेली असते, कधी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. पण आकडा सर्वसाधारण आला म्हणून पायोमेट्रा नाही असं ठरवू नये. सगळ्या पेशी गर्भाशयातच खपत असतील तर रक्तात त्या कमीच दिसतात.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण जीव जातो तो बरेचदा याच टप्प्यावर. मांजर मलूल दिसते, अंग गरम लागतं, आणि कुणीतरी घरातल्या औषधांच्या डब्यातून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी काढतं. माणसासाठी निरुपद्रवी असलेलं हे औषध मांजरीला विष आहे. ते निकामी करून बाहेर टाकण्याची यकृतातली यंत्रणा तिच्याकडे जवळजवळ नाहीच. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याचं बंद करतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. अशी मांजर पायोमेट्रानं जाण्याआधी गोळीनं जाते.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. बीजांडकोशांसह संपूर्ण गर्भाशय काढून टाकायचं. पण धावत जाऊन टेबलावर घ्यायचं, असं नाही. आधी सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, साखर आणि क्षारांची पातळी जागेवर आणणं, अंग गरम ठेवणं. कोसळलेल्या मांजरीला भूल देणं धोक्याचं असतं. काही तासांत ती सावरली की मग पोटाच्या मध्यरेषेवर छेद. भटक्या मांजरींच्या निर्बीजीकरण मोहिमांत कुशीतून लहान छेद घेतात. तिथे तो सोयीचा असतो, कारण टाके दुरूनही दिसतात आणि पिल्लं दूध पीत असतील तरी जखमेला धक्का लागत नाही. पण पुवानं फुगलेली, जरा ओढलं तर फुटेल अशी पिशवी त्या लहान छेदातून ओढून काढायची नसते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर मांजर दोन-तीन दिवसांत बशीकडे वळते. यकृत-मूत्रपिंडं बिघडलेली असतील तर मात्र टाके निघेपर्यंत काही सांगता येत नाही.

पैदाशीसाठी ठेवलेल्या मौल्यवान मांजरींचे मालक पिशवी वाचवायला बघतात. त्यांच्यासाठी दोन औषधी रस्ते आहेत. प्रोस्टाग्लँडिनची इंजेक्शनं गर्भाशयाला आकुंचन पावायला लावून पू बाहेर काढतात, पण मांजर धापा टाकते, लाळ गाळते, ओरडते, ओकते. आणि तोंड मिटलेलं असेल तर पिशवी फुटण्याचा धोका. दुसरं औषध अॅग्लेप्रिस्टोन. ते प्रोजेस्टेरॉनच्या जागा अडवून त्याचा परिणामच थांबवतं, तोंड उघडतं आणि पू बाहेर येतो. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या पशुवैद्यांनी ते दहा मांजरींना दिलं, नऊ बऱ्या झाल्या. आकडा छान आहे, पण मांजरी दहाच होत्या आणि फार खालावलेल्या नव्हत्या. युरोपात हे औषध मान्य आहे ते कुत्रींसाठी. मांजरीला डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर देतात. बरी झालेली मांजर पुढच्याच माजात गाभण राहू द्यावी आणि पिल्लं झाली की पिशवी काढावी, असा सल्ला सहसा दिला जातो, कारण अस्तर तेच असतं आणि आजार उलटू शकतो. माझं मत विचाराल तर सहा-सात वर्षांच्या मांजरीत हा खेळ खेळू नये.

शस्त्रक्रिया झाली तरी एक शेपूट कधीकधी उरतं. बीजांडकोशाचा बारीकसा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी 'ऑपरेशन झालेली' मांजर पुन्हा माजावर येते, आणि गर्भाशयाच्या उरलेल्या ठुठ्यात पू होऊ शकतो. घरचे म्हणतात, ऑपरेशन फसलं. कधीकधी ते बरोबर असतात. माजाच्या वेळी बीज सुटेल असं इंजेक्शन देऊन आठवड्यानं प्रोजेस्टेरॉन तपासलं की आत काही उरलंय का हे कळतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी आता निरोगी मांजरीचे फक्त बीजांडकोशच काढतात. गर्भाशय आत राहिलं तरी संप्रेरकं संपल्यानं ते सुकतं, आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन मिळालं नाही तर त्यात पू होत नाही.

बाहेरून मिळणाऱ्या या प्रोजेस्टेरॉनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारी कृत्रिम औषधं, मेजेस्ट्रॉल आणि मेड्रोक्सिप्रोजेस्टेरॉन, जनावरांचा माज थांबवायला पूर्वीपासून वापरली जातात. यांतलं दुसरं स्त्रियांना तीन महिन्यांतून एकदा गर्भनिरोधक इंजेक्शन म्हणून देतात. ब्राझीलसारख्या देशांत ती मांजरींसाठी दुकानात सहज मिळतात, आणि तिथल्या पशुवैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्यामुळे झालेल्या पायोमेट्रांच्या, मेलेल्या पिल्लांच्या आणि स्तनांच्या गाठींच्या नोंदी पानोपानी सापडतात. स्वस्त, टाके नाहीत, भूल नाही. मोह पडणं साहजिक आहे. पण शरीराला बाहेरून प्रोजेस्टेरॉन देणं म्हणजे पायोमेट्राची जमीन हातानं नांगरणं. त्यात मधुमेहाचा धोका, आणि तरुण मांजरीत झपाट्यानं सगळे स्तन टेनिसच्या चेंडूएवढे सुजण्याचा प्रकार. ही सूज दिसायला कर्करोगासारखी भयंकर, पण कर्करोग नसते. कारण थांबवलं किंवा अॅग्लेप्रिस्टोन दिलं की ओसरते. हे माहीत नसल्यानं काही मांजरींचे स्तन विनाकारण कापले गेले आहेत.

हाच धडा प्राणिसंग्रहालयांनी मोठ्या मांजरींवर गिरवला. १९७०च्या दशकापासून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत सिंहिणी, वाघिणी, जग्वार यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून कातडीखाली अशाच कृत्रिम संप्रेरकाची कांडी बसवत. वर्षानुवर्षं. पुढे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या रोगनिदानतज्ज्ञ लिंडा मन्सन आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या प्राण्यांची गर्भाशयं तपासली, तेव्हा कांडी बसवलेल्या माद्यांत अस्तर गाठाळ होण्याचं प्रमाण आणि तीव्रता जास्त आढळली. स्तनांच्या कर्करोगाशीही या औषधांचा संबंध पुढे आला. पिंजऱ्यातल्या सिंहिणीला पायोमेट्रा होणं आजही नवलाचं नाही, आणि सिंहिणीतही संगाशिवाय बीज सुटतं हे आता माहीत झालं आहे.

पू सोडून गर्भाशयाची बाकीची दुखणी थोडक्यात. कधी आत पू न होता नुसताच चिकट द्राव किंवा पाणी साचतं. मांजर ठणठणीत असते, आणि ते दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतं. गाभण मांजरीचं एक शिंग स्वतःभोवती पिरगळणं दुर्मीळ, पण झालं तर काही तासांचा खेळ. गर्भाशयाचा कर्करोग मांजरीत फार क्वचित. व्याल्यानंतरचा गर्भाशयदाह मात्र क्वचित नाही. एखादं पिल्लू किंवा वार आत अडकली, किंवा अडलेल्या मांजरीला घरच्या घरी हातानं 'मोकळं' करायचा प्रयत्न झाला की दोन-तीन दिवसांत दुर्गंधीयुक्त लालसर स्राव, ताप, आणि पिल्लांना दूध न देणं सुरू होतं. व्यालेल्या मांजरीचा थोडा हिरवट-तांबूस स्राव काही दिवस असतोच; वास आणि मांजरीची भूक या दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पिल्लू बाहेर येताना दिसतंय आणि जोरदार कळा अर्ध्या तासाहून जास्त चालू आहेत, तर वाट बघण्यात अर्थ नाही.

पिल्लं पोटातच विरघळण्याची कारणं गर्भाशयाबाहेरही असतात. मांजरींचा ल्युकेमियाचा विषाणू, जो १९६४ मध्ये ग्लासगोत विल्यम जॅरेट यांच्या चमूला सापडला, तो त्यांतला एक. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू गर्भाच्या लहान मेंदूवर घाव घालतो आणि पिल्लं जन्मभर डुलत चालतात. म्हणून गाभण मांजरीला त्याची जिवंत लस टोचत नाहीत. आणि टॉरिन. हे द्रव्य मांजरीला स्वतःच्या गरजेइतकं तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. टॉरिनच्या तुटवड्यात गर्भ विरघळतात, मेलेली किंवा अशक्त पिल्लं होतात. दूध-पोळीवर वाढवलेल्या शाकाहारी घरातल्या मांजरीचं घोडं इथे अडू शकतं. ती उंदीर-पाली मारून स्वतःची सोय करत असेल तर वेगळं, पण सातव्या मजल्यावर पाली तरी किती मिळणार?

राहिला प्रश्न पिशवी कधी आणि का काढावी याचा. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करा' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, काही डॉक्टरही तो देतात. त्याला वैद्यकीय आधार मला कुठे सापडत नाही. उलट स्तनांच्या कर्करोगाचा हिशेब नेमका विरुद्ध दिशेला बोट दाखवतो. २००५ च्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केलेल्या शस्त्रक्रियेचा या बाबतीत काही फायदा दिसला नाही. मांजरीच्या स्तनातल्या दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्याच निघतात, हे ध्यानात घेतलं तर 'एका वेतानंतर' म्हणून घालवलेल्या वर्षाची किंमत कळते. २०१६ पासून अमेरिकेतले तज्ज्ञ पाच महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरतात. शस्त्रक्रियेचा तोटाही सांगायला हवा: मांजरीची उष्मांकांची गरज पाव हिश्श्यानं तरी घटते, आणि वाटी पूर्वीसारखीच भरत राहिली तर ती लठ्ठ होते, लठ्ठपणातून मधुमेह. ताटातलं माप कमी करणं घरच्यांच्या हातात आहे.

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयासारखी जुनी रुग्णालयं, त्याच्या आवारातलं १८८६ सालचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि गल्लीगल्लीतून मांजरी पकडून आणणारे स्वयंसेवक, यांच्यामुळे मुंबईत ही शस्त्रक्रिया मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावी चित्र वेगळं आहे. तिथल्या सरकारी पशुवैद्याचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. मांजरीला भूल कशी द्यायची हे तो शिकलेला असतो, पण हात बसायला मांजरी समोर याव्या लागतात, आणि गावात मांजरीला डॉक्टरकडे नेण्याची पद्धत नाही.

बिनटाक्यांच्या मार्गाचा शोध मात्र थांबलेला नाही. २०२३ मध्ये सिनसिनाटी प्राणिसंग्रहालय आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी सहा मांजरींच्या मांडीत एकच इंजेक्शन दिलं. त्यात होता एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात बसवलेला जनुक, जो स्नायूंना अँटी-म्युलेरियन संप्रेरक तयार करायला लावतो. हे संप्रेरक बीजांडकोशातल्या बीजांची वाढ रोखून धरतं. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर नजर ठेवली गेली आणि दोनदा, प्रत्येक वेळी चार महिने, एक धडधाकट बोका त्यांच्यासोबत राहिला. इंजेक्शन न दिलेल्या तिन्ही मांजरींना पिल्लं झाली, दिलेल्या एकीलाही नाही. त्यांतल्या दोघींनी बोक्याला जवळ येऊ दिलं, पण संग होऊनही त्यांचं बीज सुटलं नाही. बीज सुटलं नाही म्हणजे पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही, आणि पायोमेट्राची साखळी पहिल्याच कडीला तुटते. मात्र इस्ट्रोजेन पूर्ण बंद होत नाही, म्हणून स्तनांच्या कर्करोगाचा प्रश्न या इंजेक्शनानं सुटलेला नाही, आणि तो सुटायला सहा मांजरी आणि दोन वर्षं पुरणार नाहीत.